बोट ‘लाँच’ झाली की ‘कमिशन’? आणि ॲप ‘लाँच’ की ‘रोल आउट’?

खाडीकाठ

एका इंग्रजी पत्रकाचं काम आहे, शब्दांवर गाडी अडली आहे. जाणकारांनी सांगावं.

फायबरची ४० आसनी प्रवासी बोट यार्डातून क्रेनने पाण्यात उतरवली. पाहुण्यांनी नारळ फोडला, नावावरचं कापड काढलं. इंजिनाच्या चाचण्या, सर्वेक्षण आणि नोंदणी अजून बाकी आहे, म्हणजे प्रवासी बसायला दोनेक महिने. त्याच पत्रकात तिकिटांच्या ॲपचीही बातमी आहे. ॲप सध्या शंभरेक नेहमीच्या प्रवाशांना वापरायला दिलं आहे, बोट सुरू झाली की सगळ्यांना मिळेल.

मराठी पत्रकात ‘जलावतरण’ आणि ‘शुभारंभ’ यांवर निभावलं. इंग्रजी मसुदा हाती आलाय तो असा:

‘द बोट वॉज इनॉगरेटेड अँड लाँच्ड इन वॉटर बाय द हँड्स ऑफ द चीफ गेस्ट. द न्यू ॲप वॉज ऑल्सो कमिशन्ड.’

काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. पत्रक बाहेरच्या देशातल्या दोन पुरवठादारांकडेही जाणार आहे, म्हणून ‘आपल्याकडे चालतं’ एवढं पुरायचं नाही. नारळाचं इंग्रजीत कसं लिहावं तेही सांगा.

डोलकाठी

मसुद्यात तीन क्रियापदं आहेत. तिन्ही वेगवेगळ्या दिवसांची, आणि तुमच्याकडे त्यातला एकच दिवस उजाडलाय. तो ‘लाँच’चा. बोट पहिल्यांदा पाण्याला लागली, की लाँच झाली. मग ती उतारावरून घसरत जावो, क्रेनच्या पट्ट्यांतून उतरो नाहीतर ट्रेलरवरून. कशी उतरली ते सांगायचं असेल तर पुढे ‘बाय क्रेन’ जोडा.

जहाजांच्या बाबतीत इंग्रजी फार काटेकोर आहे. नवी विक्रांत घ्या, तिच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी तारीख आहे. कोचीन शिपयार्डात एप्रिल २००५ मध्ये पोलाद कापायला घेतलं, ते ‘स्टील कटिंग’. २८ फेब्रुवारी २००९ ला ‘कील लेइंग’, म्हणजे जहाजाचा कणा मांडला. (क्रियापद ‘ले’, भूतकाळ ‘लेड’. ‘द कील वॉज लेड’ असंच लिहायचं.) २९ डिसेंबर २०११ ला ‘फ्लोट आउट’, १२ ऑगस्ट २०१३ ला ‘लाँच’, १० जून २०१५ ला ‘अनडॉकिंग’, म्हणजे गोदीतून बाहेर काढणं. ऑगस्ट २०२१ पासून ‘सी ट्रायल्स’. २८ जुलै २०२२ ला यार्डाने जहाज नौदलाच्या हवाली केलं, ती ‘डिलिव्हरी’. आणि २ सप्टेंबर २०२२ ला ‘कमिशनिंग’. लाँच आणि कमिशन यांत नऊ वर्षं गेली. वर्तमानपत्रात दोन्ही दिवशी ‘विक्रांतचे जलावतरण’ छापलं की वाचकाला वाटतं, हे जहाज कितीदा पाण्यात सोडतात!

‘कमिशन’ हा युद्धनौकेचा शब्द. कप्तान कमिशनिंगचा आदेश वाचून दाखवतो, ध्वज चढतो, आणि त्या क्षणापासून ती नौदलाची नौका. नावामागे ‘आयएनएस’ लागतं तेही तेव्हापासून. तोवर यार्डातली माणसं तिला नंबराने ओळखतात: माझगाव डॉकमध्ये बांधलेली विशाखापट्टणम म्हणजे यार्ड १२७०४, मुरगाव १२७०५. म्हणून ‘आयएनएस अमुक लाँच झाली’ हे बातमीत चालून जातं, कागदोपत्री चुकीचं आहे.

तुमची प्रवासी बोट ‘एंटर सर्व्हिस’ करेल किंवा ‘गो इंटू सर्व्हिस’. ‘कमिशन’ नव्हे. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. इंजिन बसवल्यावर कंपनीचा तंत्रज्ञ येऊन पहिल्यांदा चालू करतो, तेल-पाण्याचे दाब, तापमान, फेरे तपासून नोंदवतो, त्यालाही ‘इंजिन कमिशनिंग’ म्हणतात. वीज प्रकल्प, पंपिंग स्टेशन, लिफ्ट यांनाही हाच शब्द. पुरवठादाराच्या पत्रात ‘कमिशनिंग डेट’ विचारली असेल तर त्याला इंजिनाची तारीख हवी आहे, समारंभाची नव्हे. वॉरंटी बहुतेकदा तिथूनच मोजतात, म्हणून इथे गफलत महागात पडते.

सहज विचारलं

डोलकाठी, तुमच्याच हिशेबात घोळ आहे. पाण्याला लागली की लाँच, असं म्हणता. मग विक्रांत २०११ ला तरंगली तर लाँच २०१३ ला कशी?

डोलकाठी

बरोबर पकडलंत. माझी व्याख्या उतारावर आणि क्रेनवर चालते, गोदीत पांगळी पडते. सुक्या गोदीत बांधलेलं जहाज खाली जात नाही, पाणी वर येतं. झडपा उघडतात, गोदी भरते, जहाज ठोकळ्यांवरून उचललं जातं. त्यात बघण्यासारखं काही नसतं, आणि पुष्कळदा कामही अर्धवट असतं, गोदी दुसऱ्या जहाजाला मोकळी करून द्यायची असते. म्हणून त्याला ‘फ्लोट आउट’ म्हणायचं आणि ‘लाँच’ हा शब्द समारंभासाठी राखून ठेवायचा, अशी पद्धत पडली. म्हणजे उतारावर पाणी आणि समारंभ एकाच मिनिटाला येतात, गोदीत त्यांची ताटातूट होते.

याउलट जुनं उदाहरण ब्रिटिश नौदलाच्या एचएमएस व्हिक्टरीचं. लाँच ७ मे १७६५ ला, पहिलं कमिशन १७७८ ला. तेरा वर्षं जहाज नुसतं बांधून पडलेलं. आज ती पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत आहे आणि तरीही ‘इन कमिशन’ आहे. आपल्या मुंबईत वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेली, १२ ऑक्टोबर १८१७ ला लाँच झालेली सागवानी एचएमएस ट्रिंकोमाली हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे, पण कमिशनमध्ये नाही. ती युरोपातली सर्वांत जुनी ‘अफ्लोट’ युद्धनौका, आणि व्हिक्टरी जगातली सर्वांत जुनी ‘इन कमिशन’ नौका. एका शब्दाच्या फरकाने दोन वेगळे मान.

दोरखंड

पुरवठादारांशी पत्रव्यवहार व्हायचा असेल तर उतारावरच्या लाँचचे शब्दही माहीत असू द्या. क्रेनवाल्या बोटीला लागणार नाहीत, पण इंग्रजीतले काही वाक्प्रचार इथूनच आलेत.

ज्या उतारावर जहाज बांधतात तो ‘स्लिपवे’. उतार बेताचा असतो, साधारण वीस फुटांना एक फूट. बांधताना वजन ‘कील ब्लॉक्स’वर आणि कडेच्या ‘शोअर्स’ म्हणजे टेकूंवर असतं. बांधणी चालू असलेल्या जहाजाला ‘ऑन द स्टॉक्स’ म्हणतात. एखादी योजना ‘ऑन द स्टॉक्स’ आहे म्हणजे काम सुरू आहे, अजून बाहेर आलेली नाही, हा अर्थ तिथलाच. मालाच्या साठ्याशी त्याचा संबंध नाही, आणि अनुवादात नेमकी तीच चूक होते.

लाँचच्या आधी जहाजाखाली दोन समांतर लाकडी पट्टे करतात. जमिनीवरचा न हलणारा तो ‘स्टँडिंग वे’, त्यावरून घसरणारा ‘स्लाइडिंग वे’. दोहोंमध्ये चरबी आणि साबणाचा थर. वरच्या पट्ट्यावर जहाजाला धरून ठेवणारा सांगाडा म्हणजे ‘क्रेडल’. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) आणि मागची बाजू निमुळती असल्यामुळे तिथे उंच आधार द्यावा लागतो, त्यांना ‘पॉपेट’ म्हणतात, पुढचा ‘फोअर पॉपेट’ आणि मागचा ‘आफ्टर पॉपेट’. मग शेकडो पाचरी ठोकून जहाजाचं वजन क्रेडलवर घेतात आणि कील ब्लॉक्स एकेक करून काढतात. शेवटी जहाज फक्त ‘ट्रिगर’वर अडून राहतं. नामकरणासाठी नाळेवर आपटलेली बाटली फुटली की ट्रिगर सोडतात.

जहाज मागच्या बाजूने पाण्यात शिरतं. खरी परीक्षा पुढच्या काही सेकंदांत असते. मागचा भाग बुडत गेला की पाणी त्याला वर रेटायला लागतं. एका क्षणी मागची बाजू उचलली जाते आणि जहाज फोअर पॉपेटवर टेकून फिरतं, ते ‘पिव्हटिंग’ किंवा ‘स्टर्न लिफ्ट’. त्या वेळी उरलेलं सगळं वजन त्या एका आधारावर येतं, म्हणून नाळेच्या पोटात आधीच लाकडी टेकू भरतात, नाहीतर पत्रा चेपतो. भरती कमी असेल तर मागची बाजू वेळेवर उचललीच जात नाही. तोवर गुरुत्वमध्य उताराच्या टोकापलीकडे जातो आणि जहाज खुर्ची मागे कलावी तसं कलतं. ते ‘टिपिंग’. लाँचची वेळ भरतीच्या माथ्यावर धरतात ती यासाठी, पाहुण्यांच्या सोयीने नव्हे. पाण्यात गेलेलं जहाज थांबवायला साखळ्यांचे ढीग बांधलेले असतात, ‘ड्रॅग चेन्स’. क्लाइड नदी अरुंद, म्हणून १९३४ मध्ये क्वीन मेरीला दोन हजार टनांहून जास्त साखळ्या लावल्या होत्या.

बिघडतं तेव्हाचे शब्द जास्त कामाचे. चरबी थंडीने घट्ट झाली किंवा वजनाने पिळून बाहेर निघाली की जहाज ‘स्टिक्स ऑन द वेज’, जागचं हलत नाही. लंडनच्या मिलवॉलला ब्रुनेल या अभियंत्याचं महाकाय जहाज कडेच्या बाजूने लाँच करायचं होतं, ३ नोव्हेंबर १८५७ ला. लोखंडी रुळांवर लोखंडी पट्ट्या, घर्षण भयंकर. काही फूट सरकलं आणि बसलं. हायड्रॉलिक जॅक लावून ढकलत ढकलत ३१ जानेवारी १८५८ ला एकदाचं तरंगलं. गंमत अशी की पहिल्याच दिवशी त्याचं ‘लेव्हायथन’ असं नामकरण उरकलं होतं आणि पुढे ते गाजलं ‘ग्रेट ईस्टर्न’ म्हणून. म्हणजे ‘ख्रिसन’ (नाव ठेवणं) आणि ‘लाँच’ हे दोन वेगळे शब्द का हवेत ते कळतं.

दुसरं उदाहरण इटलीतल्या रिवा त्रिगोसोचं, २२ सप्टेंबर १९०७, ‘प्रिन्चिपेस्सा योलांदा’. वरचं सगळं फर्निचर, सजावट करून लाँच केली, आणि पोटात कोळसाही नाही, नीरमही (तोल राखायला तळात भरतात ते वजन) नाही. वजन वर, तळ हलका. उतारावरून नीट गेली आणि पाण्यात कलंडून थोड्याच वेळात बुडाली. इथे शब्द क्रमाने येतात. आधी ‘लिस्ट’, म्हणजे आतल्या वजनामुळे कायम एका बाजूला कलणं. वाऱ्याने किंवा वळताना तात्पुरतं कलणं ते ‘हील’. मग ‘कॅपसाइज’, म्हणजे आडवी होणं, आणि शेवटी ‘सिंक’. पाणी भरून बुडणं सांगायचं असेल तर ‘फाउंडर’ हे क्रियापद आहे. कंपनीच्या संस्थापकालाही ‘फाउंडर’च म्हणतात, तेव्हा ‘द फाउंडर फाउंडर्ड’ असं लिहायची पाळी कुणावर येऊ नये.

म्हणूनच लाँच रिकामा सांगाडा असतानाच करतात आणि यंत्रं, केबिन, तारा, रंग हे सगळं नंतर धक्क्याला बांधून. त्या टप्प्याला ‘फिटिंग आउट’ म्हणतात. टायटॅनिक ३१ मे १९११ ला ६२ सेकंदांत उतरली, त्यानंतर फिटिंग आउटला दहा महिने लागले. पहिला प्रवास, ‘मेडन व्हॉयेज’, १० एप्रिल १९१२ ला. आणि हो, टायटॅनिकवर बाटली फोडलीच नव्हती. तिच्या मालक कंपनीत, व्हाइट स्टार लाइनमध्ये, ती पद्धत नव्हती. ‘टायटॅनिक वॉज ख्रिसन्ड’ असं वाचलंत तर खुशाल खोडा.

कानामात्रा

जहाजाचं झालं, आता मालाकडे येऊ. इथे शब्द सैल वापरले जातात, पण तारखा तशाच वेगळ्या असतात.

नॅनो आठवा. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी लोकांना दाखवली, ते ‘अनव्हेल’. २३ मार्च २००९ ला मुंबईत किमतीसह बाजारात आणली, ते ‘लाँच’. जुलै २००९ मध्ये पहिली किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली, ती ‘डिलिव्हरी’. आयफोनला ९ जानेवारी २००७ ला ‘अनाउन्स’ आणि २९ जून २००७ ला ‘रिलीज’. कसोटी सोपी आहे. पैसे मोजून, किंवा फुकट असेल तर नाव नोंदवून, माणूस ती वस्तू आज घेऊ शकतो का? शकत असेल तर ‘लाँच’. नुसती बघू शकत असेल तर ‘अनव्हेल’, नुसती ऐकू शकत असेल तर ‘अनाउन्स’. आपल्या पत्रकांत तिन्हींना ‘लाँच’ म्हणतात आणि मग वाचक दुकानात जाऊन रिकाम्या हाताने परततो.

‘रोल आउट’चा मूळ अर्थ चाकांवरून बाहेर आणणं, आणि विमानांच्या बाबतीत तो आजही शब्दशः आहे. तेजसचं पहिलं विमान १७ नोव्हेंबर १९९५ ला हँगरबाहेर आणलं, ते ‘रोल आउट’. पहिलं उड्डाण मात्र ४ जानेवारी २००१ ला. बोइंगने ७८७ चं रोल आउट ८ जुलै २००७ ला केलं, कारण अमेरिकी पद्धतीने ती तारीख ७-८-०७ अशी लिहिली जाते! विमान आतून अपुरं होतं, पुष्कळ ठिकाणी तात्पुरते खिळे-रिव्हेट ठोकलेले होते. उडालं १५ डिसेंबर २००९ ला. हौसेची तारीख आणि कामाची तारीख यांत असं अंतर पडतं.

मालाला ‘रोल आउट’ वापरतात तेव्हा त्यात ‘टप्प्याटप्प्याने’ हा अर्थ असतो. आधी एक शहर, मग दुसरं, किंवा आधी दहा टक्के फोन, मग सगळे. एकदम सगळ्यांना दिलं तर ते रोल आउट नव्हे. लिहिताना क्रियापद दोन शब्दांत, ‘रोल आउट’, आणि नाम जोडून.

तुमच्या ॲपला ‘कमिशन्ड’ अजिबात नको. ‘कमिशन ॲन ॲप’ याचा इंग्रजीतला अर्थ ‘पैसे देऊन ॲप बनवून घेणं’, जसं चित्रकाराकडून चित्र काढून घेतात. म्हणजे तुमच्या वाक्याचा अर्थ असा झाला की ॲपची ऑर्डर त्या दिवशी दिली! शंभर निवडक प्रवाशांना दिलंय त्याला ‘पायलट’ किंवा ‘क्लोज्ड बीटा’ म्हणा. ‘सॉफ्ट लाँच’ नको. ते गाजावाजा न करता, पण बहुधा येईल त्याला खुलं असतं, जसं हॉटेल पाटी न लावता आठवडाभर आधी सुरू करतात.

सहज विचारलं

इथे थोडा मतभेद. जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा फक्त आमंत्रण असलेल्यांनाच मिळायचं, आणि ‘बीटा’ ही पाटी जुलै २००९ पर्यंत होती. तरी सगळे त्याला २००४ चं ‘लाँच’च म्हणतात.

कानामात्रा

म्हणतात, कारण तिथे आमंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं, दार किलकिलं का होईना, उघडं होतं. इथे शंभर जणांची यादी बंद आहे. त्यातून पुढच्या महिन्यात एखादी खोट निघून ॲप मागे घ्यावं लागलं, तर ‘पायलट संपलं’ म्हणता येईल. ‘लाँच’ छापून बसलात तर ‘विथड्रॉ’ छापावं लागेल. तेही शब्द वेगळे आहेत. गॅलक्सी नोट ७ ची २ सप्टेंबर २०१६ ला घोषणा झाली ती ‘रिकॉल’ची, म्हणजे विकलेले फोन परत मागवले. ऑक्टोबरमध्ये ‘डिसकंटिन्यू’, म्हणजे बनवणंच थांबवलं. ‘विथड्रॉ’ म्हणजे दुकानातून उचलणं.

आता ‘बाय द हँड्स ऑफ’. हे आपलं ‘यांच्या हस्ते’ जसंच्या तसं इंग्रजीत गेलंय. इंग्रजीत नुसतं ‘बाय’. ‘बाय द हँड्स ऑफ’ वाचून परदेशी माणसाला वाटेल पाहुण्यांनी बोट हातांनी ढकलली, किंवा कुणाचा तरी खून झाला. ‘ॲट द हँड्स ऑफ’ हा वाक्प्रचार तर मार खाण्यासाठी वापरतात.

‘लाँच्ड इन वॉटर’मधलं ‘इन वॉटर’ काढा, लाँचमध्ये पाणी आलंच. ‘लाँच्ड इन मार्केट’सुद्धा तसंच. गरज असेल तर ‘ऑन द मार्केट’, नाहीतर थेट ‘लाँच्ड इन इंडिया’. ‘इनॉगरेट’ इमारत, पूल, सेवा, परिषद यांना. वस्तूला किंवा बोटीला नाही. पुढे बोटसेवा सुरू होईल तेव्हा ‘द सर्व्हिस वॉज इनॉगरेटेड’ हे बरोबर. ‘फ्लॅग ऑफ’ आपल्याकडे गाडी, बस, मॅरेथॉन सगळ्याला चालतं, पण परदेशी वाचक दचकतो, त्यापेक्षा ‘सेंट ऑफ’ बरं.

खाडीकाठ

डोळे उघडले. नारळाचं राहिलं. आणि ‘ख्रिसन’ लिहू का? पाहुण्यांच्या पत्नीने नाव उघड केलं, त्यांना ‘स्पॉन्सर’ म्हणतात असं कुणीतरी सांगितलं.

डोलकाठी

म्हणतात खरं. जहाजाचं नाव ठेवणारी बाई ती ‘स्पॉन्सर’, बाप्तिस्म्यातल्या धर्ममातेसारखी. विक्रांतची स्पॉन्सर तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या पत्नी एलिझाबेथ अँटनी होत्या. पण तुमच्या पत्रकात बँक आणि जाहिरातदारही असतील, तेव्हा ‘स्पॉन्सर’ लिहिलंत तर बाईंनी पैसे दिले असा अर्थ निघेल. ‘नेम्ड बाय’ लिहा.

‘ख्रिसन’ मुळात बाप्तिस्म्याचा शब्द. आज तो कुठल्याही जहाजाला सर्रास लावतात, चूक नाही. पण नारळ फोडून आणि मंत्र म्हणून ‘ख्रिसन’ जरा विसंगत वाटतं. ‘नेम’ साधा, कुणाला न खटकणारा. परंपरेतलं वाक्यही ‘आय नेम धिस शिप’ असंच सुरू होतं आणि ‘मे गॉड ब्लेस हर अँड ऑल हू सेल इन हर’ असं संपतं.

नारळ: ‘अ कोकोनट वॉज ब्रोकन अगेन्स्ट द बाउ’. नाळेवर आपटून फोडला असेल तरच ‘अगेन्स्ट द बाउ’. धक्क्यावर पूजेत फोडला असेल तर ‘आफ्टर अ पूजा ऑन द की’. पूजेला ‘वर्शिप सेरेमनी’ वगैरे करू नका, ‘पूजा’ आता इंग्रजी शब्दकोशांत आहे.

बोटीला ‘शी’ की ‘इट’? नौदलात अजून ‘शी’. लॉइड्स लिस्ट या जहाज व्यवसायाच्या जुन्या वृत्तपत्राने २००२ मध्ये ‘इट’ धरलं. दोन्ही बरोबर, एकाच पत्रकात दोन्ही नकोत.

कानामात्रा

कार्यक्रमात कुणी इंग्रजीत बोलणार असेल तर उच्चारही पाहून घ्या. जहाजाची नाळ म्हणजे ‘बाउ’, ‘काउ’च्या यमकात. ‘बो’ म्हटलंत तर ते धनुष्य. धक्का म्हणजे ‘की’, स्पेलिंग काहीही असो, उच्चार कुलपाच्या किल्लीसारखाच. जहाज किती खोल बुडतं ते ‘ड्राफ्ट’, ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मधे भलतीच अक्षरं दिसतात, त्यांना घाबरून ‘ड्राउट’ म्हणू नका, तो दुष्काळ. ‘ख्रिसन’मधला ‘टी’ मुका.

आणि ‘लाँच’मधला स्वर ‘ऑ’ लांबवा. सूत्रसंचालक घाईत ‘प्रॉडक्ट लंच’ म्हणतो, आणि मंडळी जेवणाच्या हॉलकडे वळतात. मराठीत लिहितानाही चंद्रबिंदू विसरलात तर ‘लाच’ होते. निमंत्रणपत्रिकेत तेवढं बघा.

रविवारची फेरी

गेटवेवरून मांडव्याला जाते ती ‘लाँच’ याच शब्दावरून आली ना? पाण्यात सोडतात म्हणून लाँच?

दोरखंड

नाही. सोडण्याचं ‘लाँच’ जुन्या फ्रेंचमधून आलं, भाला फेकणं या अर्थाचं. ‘लान्स’ म्हणजे भाला, त्याच घरातलं. बोटीची ‘लाँच’ स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’वरून, आणि तो बहुधा मलय भाषेतल्या ‘वेगवान’ अशा अर्थाच्या शब्दावरून. इंग्रजीत येऊन दोन्ही एकसारखे झाले. त्यामुळे ‘द लाँच वॉज लाँच्ड’ हे वाक्य बरोबर आहे, पण लिहू नये.

खाडीकाठ

नवा मसुदा:

‘द फोर्टी-सीट पॅसेंजर बोट वॉज नेम्ड अँड लाँच्ड बाय क्रेन ऑन संडे. अ कोकोनट वॉज ब्रोकन अगेन्स्ट हर बाउ. शी विल नाउ अंडरगो सी ट्रायल्स अँड सर्व्हे, अँड विल मेक हर मेडन व्हॉयेज इन टू मन्थ्स. अ टिकेटिंग ॲप इज इन पायलट विथ अ हंड्रेड रेग्युलर पॅसेंजर्स अँड विल बी लाँच्ड व्हेन द सर्व्हिस ओपन्स.’

डोलकाठी

झालं की. दोन जागा तेवढ्या. बोट खाडीतच फिरणार असेल तर ‘सी ट्रायल्स’मधलं ‘सी’ काढा. पुरवठादार समुद्रात चालणारी बोट समजून भलतीच यादी पाठवेल, तिथे जॅकेटांपासून रेडिओपर्यंत सगळं वेगळं लागतं. नुसतं ‘ट्रायल्स’ पुरे. आणि अर्ध्या तासाच्या फेरीला ‘मेडन व्हॉयेज’ फार झालं, ‘हर फर्स्ट पॅसेंजर रन’ लिहा. ‘सर्व्हे’नंतर ‘अँड रजिस्ट्रेशन’ राहिलंय, तेही जोडा. ते झाल्याशिवाय तारखेचं वचन देऊ नका, म्हणजे ‘इन टू मन्थ्स’च्या जागी ‘इन अबाउट टू मन्थ्स’.